इंग्रजीत सकाळ नसते का?

मास्कच्या दोऱ्या कानामागं कशा अडकवायच्या ते मी बायकांना दाखवत होते आणि बायका हसत होत्या. उन्हाधुळीत नाकावरून पदर घ्यायची त्यांना सवय होती, पण नाकावर पत्र्याची पट्टी असलेलं हे पांढरं, ताठ काहीतरी त्या पहिल्यांदाच पाहत होत्या. कुणीतरी म्हणालं, बैलाला मुसकी घालतात तशी दिसतेय. सगळ्या पुन्हा हसल्या. मीही हसले.

सकाळचे साडेसात वाजले होते. दिंडोरीहून वणीकडं जाणाऱ्या रस्त्यावर दौलतआण्णा पिंगळ्यांचं द्राक्षांचं पॅकहाऊस होतं, तिथली ही गोष्ट. आज तिला पंधरा-सोळा वर्षं होतील. जानेवारी ते एप्रिल बागांमधून क्रेट यायचे, बायका बारीक कात्रीनं घडातले खराब मणी काढायच्या, घड पेट्यांत भरायच्या, पेट्या शीतगृहात जायच्या आणि तिथून कंटेनरमधून थेट हॉलंडला. त्या दिवशी हॉलंडच्या खरेदीदारांची तपासणीसबाई येणार होती. माल कसा आहे ते बघायला नव्हे, माल भरणारी माणसं कशी ठेवलीत ते बघायला. म्हणून आदल्या संध्याकाळी नाशिकहून मास्कचं खोकं आलं होतं.

मी तिथं कागदपत्रं बघायचे. कंटेनरचे दाखले, परदेशातली पत्रं, परदेशातले फोन. त्याआधी अकरा वर्षं सातपूरच्या एका कारखान्यात टेलिफोन बोर्डवर होते. बोर्ड आपोआप चालायला लागला तशी मी बाहेर पडले. मग सहा वर्षं आग्रा रोडवरच्या एका हॉटेलात रिसेप्शनला. यजमानांच्या मणक्याचं दुखणं तेव्हा सुरू झालं होतं, त्यांची नोकरी सुटली होती आणि मुलगी पुण्याला शिकत होती. मला बेचाळिसावं लागलं होतं. अशा वेळी आण्णांनी मला बोलावून काम दिलं, दिंडोरीत भाड्यानं जागाही बघून दिली. माणूस चांगला होता. स्वतः बागेत राबून वर आलेला. बायकांना नावानं ओळखायचा, कुणाच्या घरी लग्न असलं तर जायचा.

त्या बाईचं नाव होतं इन्गा. ते कळल्यापासून बायकांना हसू आवरत नव्हतं. "आता ही इंगा दाखवणार," असं एकमेकींना सांगत होत्या. सुपरवायझरनं चार दिवस घोकून घेतलं होतं की बाई आत आली की सगळ्यांनी एका सुरात 'गुड मॉर्निंग मॅडम' म्हणायचं. त्याप्रमाणे त्या म्हणाल्याही.

इन्गाबरोबर पुण्याहून एक दुभाषी यायचा होता, तो आजारी पडला म्हणून आला नाही. तिनं मला विचारलं, तू करशील का हे काम? मी हो म्हटलं. मग तिनं माझ्याकडं नीट बघत सांगितलं की त्या जे बोलतील तेच मला सांग, तुझं काही घालू नकोस आणि त्यांचं काही गाळू नकोस. मी म्हटलं, अर्थातच.

आण्णा त्याआधी मला बाजूला घेऊन बोलले होते. रागावून नाही, धमकावून तर मुळीच नाही. "वासंतीताई, बायका कशाही बोलतात. तुम्ही जरा नीट करून सांगा." एवढंच.

शीतगृहाशेजारच्या छोट्या खोलीत आम्ही बसलो. दार लावून इन्गा एकेकीला आत बोलवत होती. पहिल्या दोघी घाबरलेल्या होत्या, सगळं चांगलं आहे म्हणून गेल्या. तिसरी आली यमुना भोये.

यमुना सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची. हंगामात तिकडच्या पंधरा-वीस बायका मुकादमाबरोबर टेम्पोनं यायच्या आणि चार महिने पॅकहाऊसमागच्या पत्र्याच्या खोल्यांत राहायच्या. यमुना असेल पस्तिशीची. आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकलेली, कमी बोलणारी, हाताला फार जलद. ती खुर्चीवर बसली, मास्क हनुवटीखाली ओढला आणि इन्गानं काही विचारायच्या आतच बोलायला लागली.

तिनं सांगितलं की हा मास्क आज सकाळी दिला. याआधी कधीच दिला नव्हता. पेटीत घडांवर जो गंधकाचा कागद ठेवतात, त्याचा वास घड भरायच्या खोलीत भरून राहतो, डोळे जळतात, खोकला थांबत नाही. तिची नणंद सुंदरी आठ दिवसांपूर्वी त्या खोलीतच श्वास कोंडून पडली होती. तिला दवाखान्यात न्यावं लागलं आणि आता ती गावी पडून आहे.

यातला शब्द न शब्द खरा होता. द्राक्षं महिनाभर बोटीत टिकावीत म्हणून तो कागद लागतोच. त्यातून निघणारा वायू बुरशी मारतो. पण कागद एकेक करून उघडायचे असतात, पेटी बंद करायच्या क्षणी. आमच्याकडं घाई असायची, सकाळीच पन्नास-पन्नास पाकिटं फोडून टेबलावर ठेवलेली असायची आणि खोली थंड राहावी म्हणून दारंखिडक्या बंद. सुंदरी पडली तेव्हा तिला गाडीत घालायला मीच हात लावला होता.

इन्गा माझ्याकडं बघत होती. मी इंग्रजीत सांगितलं की हिला मास्क मिळाल्याचं समाधान आहे, पण सवय नसल्यानं जरा गुदमरल्यासारखं होतं. हिची नणंद सध्या आजारी आहे, त्यामुळं ही थोडी काळजीत आहे.

इन्गाचा चेहरा एकदम मऊ झाला. तिनं छातीवर हात ठेवून म्हटलं की तुझी नणंद लवकर बरी होवो. ते मात्र मी मराठीत जसंच्या तसं सांगितलं. यमुनानं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं बघितलं, आणि उठून गेली.

दुपारी मी हात धुवायला नळावर गेले तर ती तिथंच उभी होती.

"ताई, सकाळ म्हंजे मॉर्निंग ना?"

मी हो म्हटलं.

"मी 'सकाळी' म्हनलं होतं. तुमच्या बोलन्यात मॉर्निंग नाय आलं."

मी सांगितलं की दोन भाषांची ठेवण वेगळी असते, शब्दाला शब्द येत नाही, मराठीत लांबलचक असतं ते इंग्रजीत थोडक्यात होतं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग थोडा विचार करून तिनं विचारलं, "इंग्रजीत सकाळ नसते का?"

तिनं हे टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. टोमणा असता तर मला उत्तर सापडलं असतं. ती मला सुटायला वाट देत होती, आणि त्या वाटेनं जाण्याइतकीही माझी हिंमत झाली नाही. मी ओले हात पदराला पुसत केबिनमध्ये निघून आले.

इन्गाची गाडी गेली आणि सुपरवायझरनं सगळे मास्क गोळा केले. पुढच्या तपासणीला लागतील म्हणून खोकं माझ्या कपाटात ठेवून गेला. रोज फाईल काढायला कपाट उघडलं की ते समोर दिसायचं.

घरी यजमानांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, तू कुणाचं वाईट केलं नाहीस. खरेदीदारानं माल नाकारला असता तर त्या बायकांचंच काम गेलं असतं. हे मलाही पटत होतं. पटूनही जेवण गोड लागत नव्हतं.

चार-पाच दिवसांनी यमुना केबिनच्या दाराशी येऊन उभी राहिली. आत ये म्हटलं तरी उंबऱ्याच्या आत आली नाही. मला वाटलं, आता ही बोलणार, चार जणींना घेऊन आण्णांकडं जाणार. ती म्हणाली, मला इंग्रजी शिकवाल का?

मी विचारलं, कशाला?

"ती बाई परत येनार म्हनतात. तवा माझं मला सांगता यावं. जास्त नको. तेवढंच."

मी लगेच हो म्हटलं. आज खरं सांगायचं तर तेव्हा मला शिकवायचं नव्हतं. मला मोकळं व्हायचं होतं. दुपारच्या अर्ध्या तासाच्या सुट्टीत दोन अक्षरं शिकवली की झालं, महिनाभरात तिला कितीसं येणार, असं माझ्या मनात होतं.

रिकाम्या क्रेटच्या थप्पीमागं आम्ही बसायला लागलो. यमुनाबरोबर छबी आणि मंदा अशा आणखी दोघी यायच्या. भाकरी मांडीवर, वही गुडघ्यावर. मी आधी मला शिकवलं होतं तसं शिकवायला घेतलं. ए, बी, सी, डी. मग हे पुस्तक आहे, तो मुलगा आहे. तीन दिवस त्यांनी निमूट ऐकलं. चौथ्या दिवशी यमुना म्हणाली की ताई, त्या बाईला मी पुस्तकाचं काय सांगू?

मी वही मिटली आणि विचारलं, तुला काय सांगायचंय?

मग तिनं पुन्हा एकदा सगळं सांगितलं. मास्क, सकाळ, कागद, डोळे, खोकला, सुंदरी. मी एकेक शब्द दिला आणि ती तो घेत गेली. टुडे. बिफोर. स्मेल. बर्निंग. कात्री चालवताना तिचे ओठ हलत असायचे. येताजाता मी टेबलापाशी थांबले तर मान वर न करता हळूच विचारायची, 'श्वास घेनं'ला काय म्हनलं होतं? ब्रीद, मी सांगायचे. त्यातला शेवटचा आवाज तिच्या तोंडात बसत नव्हता. जीभ दातांमध्ये धरून दाखवली तर तिघी इतक्या हसल्या की पलीकडच्या बायका डोकावून बघायला लागल्या.

मला त्या अर्ध्या तासाची वाट बघायची सवय लागली. सकाळी येताना बसमध्ये मी मनात वाक्यं जुळवायचे. कशी सोपी करता येतील, कुठला शब्द तिला आधीच माहीत आहे. बायकांना कितीतरी इंग्रजी येत होतं, त्यांचं त्यांनाच माहीत नव्हतं. बॉक्स, टेबल, ड्यूटी, लोडिंग, फिवर. मी फक्त ते शब्द एकमेकांशेजारी बसवून द्यायचे.

एके दिवशी यमुनानं विचारलं, "खोटं सांगितलं, याला काय म्हनायचं?"

 मी म्हणाले, "मिस्टेक."

"मिस्टेक," ती म्हणाली. दोनदा म्हणून तिनं ते पाठ करून टाकलं.

मार्चच्या शेवटी इन्गा पुन्हा आली. सकाळी माझ्या कपाटातून खोकं निघालं, मास्क वाटले गेले, एका सुरात गुड मॉर्निंग झालं. पुण्याचा दुभाषी या वेळी येऊ शकला असता, पण तिनंच सांगितलं होतं की मागच्या वेळच्या त्या बाई चांगल्या आहेत, त्याच असू देत. हे ऐकून आण्णांनी माझं कौतुक केलं होतं.

इन्गानं टेबलांमधून फिरत बोट दाखवून पाच जणी निवडल्या. त्यांत यमुना नव्हती. मला सुटल्यासारखं वाटलं, हेही कबूल करते. त्या पाच जणी उठून चालायला लागल्या तेवढ्यात यमुनानं कात्री टेबलावर ठेवली, उभी राहिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "मॅडम, आय स्पीक."

 सुपरवायझर पुढं सरकला, पण इन्गानं त्याच्याकडं न बघता यमुनाला हात केला आणि आधी तिलाच आत घेतलं.

दार लागलं. यमुना खुर्चीच्या कडेवर बसली होती. दोन्ही हात गुडघ्यांवर दाबून धरले होते. माझ्याकडं तिनं एकदाही बघितलं नाही.

"मास्क टुडे मॉर्निंग गिव्ह," ती म्हणाली. "बिफोर, नो मास्क. पेपर स्मेल. आइज बर्निंग. माय सिस्टर फॉल डाऊन. नो ब्रीद."

आणि उठून दाराच्या काचेतून तिनं टेबलाकडं बोट दाखवलं, कुठं पडली ते.

इन्गानं सगळं लिहून घेतलं. लिहिताना दोनदा थांबवून विचारलं, किती दिवसांपूर्वी, आता ती कुठं आहे. यमुनाला प्रश्न कळले. एकाचं उत्तर बोटांवर दिलं, दुसऱ्याचं 'होम' असं. मी तिथं बसून होते आणि माझी कुणालाही गरज नव्हती.

मग इन्गानं जुनी वही उघडली, मागची पानं चाळली आणि मला विचारलं की पाच आठवड्यांपूर्वी हीच बाई इथं बसली होती ना? तेव्हा तू मला वेगळं सांगितलं होतंस.

मी तोंड उघडायच्या आत यमुना बोलली. "दॅट डे, ताई मिस्टेक," ती म्हणाली, आणि माझ्याकडं बघून मान हलवली. घाबरू नका, अशी.

ती मला उघडं पाडत होती की वाचवत होती, तिचं तिलाच माहीत. तिच्या लेखी ती खरं तेच सांगत होती. मीच दिलेला शब्द होता तो. पण इन्गाच्या कानावर त्याचा अर्थ वेगळा पडला. तिचा चेहरा सैल झाला, ती म्हणाली की अच्छा, समजण्यात चूक झाली असेल, होतं असं. आणि तिनं पान उलटलं.

तिथंच ते संपलं असतं. मी नुसतं गप्प राहायचं होतं.

मी म्हणाले, चूक नव्हती. ही काय म्हणाली ते मला नीट कळलं होतं. मी जाणूनबुजून तुम्हाला खोटं सांगितलं.

सतरा-अठरा वर्षं मी इंग्रजी बोलून पोट भरत होते. साहेबांचा निरोप, पाहुण्यांची तक्रार, आण्णांचं उत्तर. त्या भाषेत स्वतःच्या मनातलं, 'मी'नं सुरू होणारं वाक्य त्याआधी कधी बोलल्याचं मला आठवत नाही. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

इन्गानं विचारलं, मालकानं सांगितलं होतं का तुला तसं करायला? मी सांगितलं की त्यांनी नीट करून सांगा एवढंच म्हटलं होतं. नीट म्हणजे काय ते मी ठरवलं. तिनं तेही लिहून घेतलं, जसंच्या तसं.

संध्याकाळी आण्णांनी मला बोलावलं. ते ओरडतील म्हणून मी तयारीनं गेले होते. ते नुसते बसून होते, समोरचा चहा निवून गेला होता. म्हणाले, "सुंदरीचा श्वास त्या कागदानं कोंडला, हे मला तुम्ही का नाही सांगितलं? मला सांगितलं ती उपाशी होती म्हणून चक्कर आली."

सुपरवायझरनं त्यांना तसं सांगितलं होतं. आणि मला सगळं माहीत असून मी त्यांच्याकडं गेले नव्हते. आण्णा पुढं म्हणाले की मला सांगितलं असतंत तर पंखे मीच बसवले असते. कदाचित बसवले असते, कदाचित नसते. ते तपासून बघायची संधी मी त्यांना दिली नव्हती, हे मात्र खरं. शेवटी ते म्हणाले की उद्यापासून तुम्ही येऊ नका. तुमच्यावर राग नाही, पण आता तुम्ही काही सांगितलं तर मला खरं वाटायचं नाही.

 कपाटाची किल्ली ठेवून घरी आले.

खरेदीदारांनी माल नाकारला नाही. मोठे पंखे बसवा, कागद एकेक करूनच उघडा, मास्क रोज द्या, आणि आजारी पडलेल्या बाईचं औषधपाणी मालकानं करावं, असं लिहून आलं आणि आण्णांनी ते केलं. हे मला छबीकडून बाजारात कळलं. यमुनाला कुणी काढून टाकलं नव्हतं. पण मुकादमानं तिला सांगितलं होतं की पुढच्या वर्षी माझ्या टेम्पोत तू नको.

मी महिनाभर घरात बसून होते. दोन-तीन ठिकाणी अर्ज केले.  यजमान एकदा माझा हात हातात घेऊन म्हणाले की मी तेव्हा तुला पटवायला नको होतं.

हंगाम संपला त्या रविवारी दुपारी दार वाजलं. यमुना, छबी आणि मंदा. गाठोडी ओट्यावर ठेवून आत आल्या. गावी निघाल्या होत्या, टेम्पो बाजारात थांबला होता. मी चहा टाकला. यमुना घरात इकडंतिकडं बघत होती, मग तिनं सरळ विचारलं, "त्या दिवशी तुम्ही त्या बाईला म्हनलात, मिस्टेक नाय. मग काय?"

"लाय," मी म्हणाले. "खोटं सांगणं म्हणजे लाय. मिस्टेक म्हणजे चूक, न कळता होते ती. मी तुला चुकीचा शब्द शिकवला."

"लाय." तिनं म्हणून बघितलं. "बारकाच तर शब्द हाय. तवाच का नाय शिकवला?"

"मला जड होता."

 ती चहा प्यायली, कप विसळून पालथा घातला. मग म्हणाली की आणखी किती चुकलं होतं माझं, ते सांगा. मी सांगितलं. 'गिव्ह' नको होतं, तिथं दुसरं रूप हवं. 'ब्रीद'च्या आधी एक शब्द राहिला होता. छबीला वाटलं यमुना नाराज होईल, पण यमुनानं सगळं दोन-दोनदा म्हणून घेतलं. निघताना ओट्यावर गाठोडं उचलता उचलता म्हणाली, "आमच्या पाड्यावर आम्ही नऊ जनी हाय. पावसापर्यंत काम नाय. तुम्ही याल का?"

पुढचं थोडक्यात सांगते. मी गेले. त्या उन्हाळ्यात दर रविवारी गेले. मग दिंडोरीत घराच्या पुढच्या खोलीत वर्ग सुरू केला, पॅकहाऊसच्या बायकांसाठी. पंचेचाळिसाव्या वर्षी शिक्षिका व्हायची परीक्षा दिली, पोरींच्या शेजारी बाकावर बसून. एका शाळेत आधी तासिकेवर, मग कायम लागले. तिसऱ्या वर्षी आण्णांनी आपल्या सुनेला माझ्याकडं शिकायला पाठवलं. स्वतः मात्र आले नाहीत. सुंदरी बरी झाली, पण द्राक्षाच्या कामाला पुन्हा कधी गेली नाही. यमुना दुसऱ्या एका पॅकहाऊसमध्ये लागली, पुढं तिथं बायकांवर देखरेख करायची. या जून महिन्यात मी शाळेतून निवृत्त झाले. निरोपाच्या कार्यक्रमात सगळ्यांनी विचारलं की तुम्ही इतक्या उशिरा शिक्षिका कशा झालात. मी काहीतरी सांगून वेळ मारून नेली. इथं सांगते आहे ते तिथं सांगता आलं नाही.

पाड्यावरचा तो पहिला रविवार मला लख्ख आठवतो. एसटीनं सुरगाणा रस्त्याला उतरून तासभर चालत गेले. मे महिन्याचं ऊन, मोहाची झाडं, सुट्टीमुळं बंद असलेली शाळा. शाळेच्या ओसरीवर बायका बसल्या होत्या. नऊ म्हटल्या होत्या, मोजल्या तर दहा निघाल्या. दहावी यमुनाची सासू होती, देवकाआजी. सत्तरीच्या पुढची, एका डोळ्यानं अधू. तिनं आयुष्यात कधी नाशिकही बघितलं नव्हतं.

मी अक्षरांपासून सुरुवात केली नाही. तेवढं मला क्रेटच्या थप्पीमागं कळलं होतं. प्रत्येकीला विचारलं, तुला इंग्रजीत काय सांगायचंय? कुणी म्हणालं, दवाखान्यात डॉक्टर इंग्रजीत लिहितो, त्याला विचारायचंय की हे काय लिहिलं. कुणाला मुलाच्या शाळेत जाऊन बोलायचं होतं. एकीला नुसतंच सुपरवायझरला 'नो' म्हणायचं होतं आणि ते तिला येतही होतं, म्हणून सगळ्या तिला हसल्या. मी एकेक वाक्य वहीत लिहून घेत होते.

देवकाआजीची पाळी आली तेव्हा बायका म्हणाल्या की तिला राहू द्या, ती अशीच येऊन बसलीय. मलाही तेच वाटलं. तरी विचारलं, आजी, तुम्हाला काय सांगायचंय?

"मला कुनाला काय सांगायचं नाय," आजी म्हणाली. "माझ्यासमोर बसून कुनी माझं सांगत असलं, तर ते काय सांगतंय तेवढं मला कळावं."

कुणी हसलं नाही. यमुना खाली बघत होती.

मी वही मिटली, उठले आणि आजीला हाताला धरून पुढं आणलं, माझ्या अगदी जवळ बसवलं. मग खडू घेऊन शिकवायला सुरुवात केली.